थोरलीची दाढ

सोमवार, संक्रांत नुकतीच झालेली, साल १९३७. असोद्याच्या मुलींच्या शाळेचं अंगण. हजर: जळगावहून आलेले डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर, शाळेच्या मोठ्या बाई, मी, गावच्या शाळा कमिटीचे आबा, पाणी भरणारी मावशी आणि चारही इयत्तांच्या मिळून जेवढ्या आल्या होत्या तेवढ्या मुली. गैरहजर: कापूस वेचायला गेलेल्या, धाकटं भावंड सांभाळायला घरी राहिलेल्या, आणि डॉक्टरांपुढे तोंड उघडायच्या भीतीनं आल्याच नाहीत त्या. या शेवटच्या मुलींची नावं मी वेगळी लिहून घेतली, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जायचं होतं.

मला ही सवयच आहे. काही करायचं ठरलं की आधी कोण आहे, कोण नाही, काय जवळ आहे आणि काय आणायचं आहे, हे मांडून घ्यायचं. मोठ्या बाई हसायच्या. म्हणायच्या, तुम्ही स्वयंपाकाला बसतानाही भांड्यांची हजेरी घेत असाल. घेतही होते. विधवा बाईचा एकटीचा संसार. मीठ विसरलं तर आणायला दुसरं कोण होतं.

मी मूळची धुळ्याची. ट्रेनिंग संपवून असोद्याला आले तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं ते मुलींचं गैरहजर राहणं. कारणं विचारून मांडली. वेचणी, भावंडं, पाहुणे ही अपेक्षेतलीच होती. पण त्यांच्या खालोखाल दाढ निघाली. रोज एखादी तरी मुलगी गालाला फडकं बांधून भिंतीशी बसलेली असायची. तिला ना धडा कळायचा, ना शेजारणीची थट्टा सहन व्हायची. कुणाच्या गालावर बिब्ब्याचा काळा डाग, कुणाच्या दाढेत चुना भरलेला. आणि निम्म्याहून अधिक मुलींच्या परकराच्या नाडीला मिसरीची डबी.

मिसरी म्हणजे तव्यावर जाळून केलेली तंबाखूची काळी पूड. बाया ती बोटावर घेऊन दातांना लावतात, मग तोंडातच ठेवून कामाला लागतात. मुलींना ती कोणी चोरून देत नव्हतं. आईच द्यायची. पहाटे वेचणीला निघालेल्या पोरीला भाकरी मिळायची ती ऊन चढल्यावर. तोवर भूक मरावी म्हणून आई स्वतःच्या डबीतली चिमूट तिच्या बोटावर ठेवायची. मी आयांशी याबद्दल बोलायला गेले तेव्हा एकीनं मला विचारलं, बाई, मग भाकर तुम्ही देता का. मिसरीच्या मागे लागण्यापेक्षा आधी दातांच्या मागे लागावं, असं मी ठरवलं.

मोठ्या बाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, इन्स्पेक्टरसाहेब पाढे विचारतात, दात विचारत नाहीत. मी म्हटलं, दाढ ठणकत असली की पाढा आठवत नाही. मग त्या म्हणाल्या, करा, पण शाळेचा वेळ घेऊ नका आणि कमिटीकडे तुम्हीच जा.

कमिटी म्हणजे आबा. बाकीचे सभासद अंगठा द्यायला येत, बोलत ते आबाच. उंच, सावळे, पागोटं जरा मागे सरकवून ठेवायची सवय. केळीचा मळा, कापसाची जमीन, आणि दोन मुली. मुलगा नव्हता. दोघींना त्यांनी शाळेत घातलं होतं, म्हणून चावडीवर लोक त्यांना डिवचायचे, पोरीयले कलेक्टर करतो का आबा. आबा सांगायचे, कलेक्टर नाही झाली तं कलेक्टरले कागद लिहीन, तुमच्यावानी दुसऱ्याच्या हातापाया पडनार नाही.

मी त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर बसून ऐकत होते. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाले, काड्या किती लागतीन? दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मळ्यातून कडुनिंबाच्या कोवळ्या काड्यांची पेंढी शाळेत येऊ लागली. पुढल्या आठवड्यात त्यांनी विहिरीपासून अंगणाच्या कडेनं दगडी पाट घालून दिला. मुलींनी ओळीनं बसायचं, चूळ भरायची आणि पाणी शेवग्याच्या झाडाकडे जायचं. हा पाट मी मागितला नव्हता. त्यांनाच सुचलं होतं.

प्रार्थना झाली की मुली पाटाशी बसायच्या. काडीचं टोक चावून कुंचला करायचा, बाभळीच्या कोळशाची आणि मिठाची वस्त्रगाळ पूड लावायची, वरून खाली, खालून वर, मग चूळ, मग तोंड उघडून दाखवायचं. तोंड बघायचं काम आबांच्या थोरलीकडे होतं. ती चौथीत होती, म्हणजे आमच्या शाळेतल्या शेवटच्या वर्गात. फाल्गुनात तिला चौदावं पुरं व्हायचं होतं. ती ओळीतून कमरेवर हात ठेवून फिरायची आणि प्रत्येकीपुढे वाकायची.

“उघड व तोंड. हे काय हाये आत, दात का कालची वांग्याची भाजी?”

मुली हसायच्या. हसल्या की तोंडं आपोआप उघडायची. तिची हीच युक्ती होती. मला हे कधीच जमलं नसतं, मी रागावले की पोरी ओठ घट्ट मिटायच्या. एखादी मिसरी लावून आली असली तर थोरली तिला सगळ्यांपुढे काही म्हणायची नाही. काडीनं शेवग्याकडे दाखवायची. ती मुलगी उठून जायची, थुंकून यायची आणि पुन्हा ओळीत बसायची.

तिची स्वतःची एक दाढ मात्र पोखरली होती. खालची, डाव्या अंगाची. मी ती आधीही पाहिली होती. ती त्याची थट्टाच करायची. म्हणायची, बाई, माही जीभ रोज त्या विहिरीत उतरते, अजून पानी लागलं नाही. पण जेवताना ती उजव्या बाजूनंच चावते, हे माझ्या लक्षात आलं होतं. थंड पाण्याची चूळ भरताना तिचे डोळे गच्च मिटायचे.

डॉक्टरांना आणायचं ठरलं ते तिच्यासारख्या मुलींसाठीच. काडी आणि पूड चांगल्या दाताला राखते, पोखरलेल्याला ती काय करणार. डॉक्टर जळगावच्या सरकारी दवाखान्यातले. वर्षातून एकदा येईन म्हणाले. काढायच्या असतील त्या दाढा तिथेच अंगणात काढायच्या, म्हणजे मुलींची आणि आयांची भीती मोडेल, असं त्यांचं मत. आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. आबांनी तर दवंडी देऊन आयांना बोलावलं. अंगणात खुर्ची मांडली, शेजारी तपेली, गरम पाणी, लवंगेच्या तेलाची कुपी. कुंपणाबाहेर बायाबापड्या उभ्या राहिल्या.

त्या दिवशी काढलेल्या दाढा लहान मुलींच्या होत्या, बहुतेक दुधाच्या. रडारड झाली, पण निभावलं. मग थोरली आली. ती आपणहून खुर्चीवर जाऊन बसली. डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि कंपाउंडरला चिमटा गरम पाण्यातून काढायला सांगितलं. म्हणाले, ही दाढ आजच निघायला हवी, खालून पू धरायला लागलाय.

तेव्हा आबा पुढे आले. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“साहेब, हिचं राहू द्या.”

डॉक्टरांना कळेना. आत्तापर्यंत दुसऱ्यांच्या पोरींना धीर देणारे हेच. आबांनी त्यांना बाजूला शेवग्याखाली नेलं, मीही गेले. तिथे त्यांनी जे सांगितलं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच ते दाढेशी जोडता आलं नव्हतं. दिवाळीनंतर यावलचे पाहुणे थोरलीला पाहून गेले होते. घर चांगलं, तापीपलीकडे केळीचे मळे. सुपारी फुटली होती. लग्न वैशाखात. मुलीला चौदावं पुरं झाल्यावरच करायचं, कायद्याचं झंझट नको, हेही ठरलेलं. पाहणीच्या वेळी मुलाच्या आईनं थोरलीला चालायला लावलं, वाचायला लावलं, आणि मग हनुवटी धरून तोंड उघडून पाहिलं. आमच्याकडे असं पाहतात. तिनं सगळ्यांदेखत म्हटलं होतं, पोर अव्यंग आहे.

डॉक्टर म्हणाले, मागची दाढ कुणाला दिसते.

“दिसनार नाही साहेब, पन कळीन,” आबा म्हणाले. त्यांनी कुंपणाकडे नुसती मान वळवली. तिथे उभ्या असलेल्यांमध्ये निदान दोन बायकांची माहेरं यावलची होती. “सांजपावतर निरोप तापीपार जाईन, की पोरीचं हाड काढलं. भंगलेली मूर्त देवळात ठेवत नाहीत. लोक पोरीलेही तसंच धरतात. मी धरत नाही. पन मले तिले तिथं नांदवायची हाये.”

मी मध्ये पडले. म्हटलं, आबा, इथे नको तर जळगावला नेऊ. मी नेते. बाजाराला म्हणून जाऊ आणि संध्याकाळी परत येऊ, कुणाला कळायचं कारण नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि होकार दिला. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनात रिकाम्या झाल्या की बैल मोकळे होतील, मग जा, म्हणाले. डॉक्टरांनी फार उशीर करू नका म्हणून बजावलं. थोरली अजून खुर्चीवरच होती. तिला उठायला सांगितलं तेव्हा तिनं एकदा चिमट्याकडे पाहिलं आणि उठली. तिच्या जागी पुढची मुलगी बसली.

गाड्या रिकाम्या व्हायच्या आधीच दाढ उठली. रात्रंदिवस ठणका. थोरलीची आई, जिला सारा वाडा अक्का म्हणे, तिच्यानं पोरीचं कण्हणं ऐकवेना. बापानं बैल दिले नव्हते, आणि एक उपाय तर दारात चालून आला होता. धुळ्याकडची एक बाई त्या दिवसांत गावोगाव फिरत होती, दातातले किडे काढणारी. आमच्या भागात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. भुईरिंगणीच्या बिया तुपात माखून निखाऱ्यावर टाकायच्या, धूर पपईच्या देठाच्या नळीनं दाढेवर घ्यायचा, तोंडाखाली पाण्याची वाटी धरायची. धूर घेणारीला घाम फुटतो, लाळ गळते, आणि मग वाटीत पांढरे बारीक ठिपके तरंगताना दिसतात. ते किडे.

मी दुपारी गेले तेव्हा सगळं उरकलं होतं. ती बाई आपली नळी पुसून पिशवीत ठेवत होती. तिनं मला वाटी दाखवली.

“बठ्ठा किडा निंघी गयात, अक्का. आते दाढ साफ शे.”

मी वाटीतला एक ठिपका बोटावर घेतला. तो बीचा आतला गर होता, उष्णतेनं फुटून उडालेला. मी तसं सांगितलं. उत्तर दिलं ते अक्कानं. म्हणाली, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुमाले गर दिसतो, पन पोर रडायची थांबली हे तं तुमालेही दिसतं ना. आणि ते खरंच होतं. थोरली भिंतीला टेकून शांत बसली होती. दोन रात्रींनंतर तिला झोप येत होती.

ठणका पुन्हा आला नाही. ही गोष्ट मला इथे नीट लिहायला हवी, कारण सगळी चूक तिथेच झाली आणि ती चूक कुणाही आईबापांकडून झाली असती. दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली, असं आमच्याकडे समजतात. दाढेतला जीव मेला की ती दुखत नाही आणि खालचा पू मुकाट्यानं जबड्यात उतरतो, हे डॉक्टरांनी मला अंगणातच सांगितलं होतं. मी ते आबांना सांगितलं, त्यांच्या ओट्यावर बसून, जबड्याचं चित्र पाटीवर काढून. ते म्हणाले, बाई, दुखत असती तं मी नेली असती. दुखत नसलेला दात काढायले मी हिच्या मायले कसं समजावू. वरून घरात पापड लाटायले घेतले हायेत.

मोठ्या बाईंना घेऊन मी पुन्हा एकदा गेले. तेव्हा आबा मळ्यावर होते आणि अक्का बस्त्याची लुगडी दाखवत बसली. थोरलीनं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. बाहेर निघताना ती मागोमाग अंगणापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, बाई, मीच सांगू का आबाले? मी म्हटलं, सांग. तिनं सांगितलं असावं. आबांनी तिला काय उत्तर दिलं ते मला कधी कळलं नाही.

होळी झाली. थोरली शाळेत यायची बंद झाली. लग्न ठरलेल्या मुली तशाही यायच्या थांबतात, म्हणून मोठ्या बाईंनी तिचं नाव कमी केलं. पाटावरच्या ओळीत आता मीच तोंडं बघत होते. मुली ओठ मिटून बसायच्या. चैत्र लागल्यावर मी आबांच्या घरी विचारायला गेले, तर अक्का दारातच म्हणाली, थोरली धरणगावला मामाकडे गेली हाये, केळवणाला. मी परतले.

त्याच आठवड्यात धाकटी पाटावर बसली होती. ती तेव्हा दुसरीत, बारा वर्षांची, ताईहून अबोल. चूळ भरून तिनं तोंड उघडलं आणि मी बघून पुढे जाणार, तेवढ्यात ती म्हणाली,

“बाई, ताई घरीच हाये. तिचं तोंड उघडत नाही.”

मी पूड लावलेले हात तसेच पदराला पुसले आणि गेले. अक्कानं अडवलं नाही. आतल्या खोलीत थोरली उशांना टेकून बसली होती, आडवं पडलं की श्वास कोंडत होता. हनुवटीपासून गळ्यापर्यंत सगळं एकच झालं होतं, ताठ आणि लालभडक. सुजेवर हळदीचा जाड लेप. तोंडातून लाळ गळत होती, ती गिळता येत नव्हती, म्हणून हातात फडकं. गावात कुणी पाहिलं तर यावलला कळेल, सूज उतरेपर्यंत लपवू, एवढाच त्यामागे विचार होता. हळद होतीच घरात, लग्नासाठी दळून आणलेली.

आबा मळ्यातून आले. मी त्यांच्यापुढे पाटी, चित्र, काही काढलं नाही.

“आबा, गाडी जुंपा.”

“यावलवाले परवा मुहूर्ताचं बोलायले येऊ राहिले.”

“परवापर्यंत ही राहणार नाही.”

ते वळले आणि गोठ्याकडे पळाले. पन्नाशीच्या त्या माणसाला मी पळताना तेवढंच पाहिलं.

गाडीत कडबा, त्यावर गोधडी, त्यावर थोरली माझ्या छातीला टेकून. अक्का शेजारी. गाव ओलांडेपर्यंत ती पदरानं पोरीचं तोंड झाकत होती आणि थोरलीला गुदमरत होतं, मी तो पदर बाजूला करत होते. वेशीबाहेर पडल्यावर अक्कानं पदर सोडला. आबा बैलांना हाकत होते, मागे वळून बघत नव्हते.

वाटेत थोरलीनं माझा हात हलवला. बोलता येत नव्हतं. तिनं अंगठा आणि बोट जुळवून चिमटा केला, स्वतःच्या गालाकडे नेला आणि माझ्याकडे पाहिलं. आज काढतील का, असं विचारत होती. मी मान हलवली. तिनं डोळे मिटले. मला वाटतं तिला बरं वाटलं.

डॉक्टरांनी तिला ओळखलं. त्यांनी कुणालाही बोल लावला नाही, लगेच कामाला लागले. जबडा उघडत नव्हता, त्यामुळे दाढ काढणं राहिलंच. गळ्याखाली चीर देऊन पुवाला वाट करून दिली. बराच निघाला. पण विष खाली छातीकडे उतरलं होतं, आणि त्याला थांबवील असं औषध त्या वेळी त्यांच्यापाशी नव्हतं. डॉक्टर दर थोड्या वेळानं येऊन नाडी पाहून जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. अक्का बस्त्यातलं हिरवं लुगडं आणायला माणूस पाठवा म्हणाली. ते तिच्यावर घातलं.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगते. यावलचे पाहुणे ठरल्या दिवशी आले, पण मुहूर्ताऐवजी सांत्वनाला. मुलाची आई अक्काच्या गळ्यात पडून खूप रडली. उठताना ती म्हणाली, दिलेला शब्द मोडायचा नाही, आम्ही दोन वर्षं थांबू, धाकटी द्या. आबांनी हो म्हटलं. गावाला ते चांगलं वाटलं. मलाही तेव्हा वाईट वाटलं नाही. मी दोन वर्षं मोजली आणि म्हटलं, तेवढ्या वेळात हिचे दात नीट करून घेऊ.

शाळेतलं काम मी थांबवलं नाही. एक बदल मात्र केला. पुढच्या वर्षी डॉक्टर आले तेव्हा अंगणात खुर्ची मांडली नाही. कपाटांच्या खोलीला पडदा लावला, मुलगी आणि तिची आई एवढ्याच आत, बाकी कुणी नाही. दवंडी नाही, कुंपण नाही. मोठ्या मुलींच्या आया त्या वर्षी पहिल्यांदा आल्या, डोक्यावरून पदर घेऊन, मागच्या दारानं. दाढा निघाल्या आणि तापीपार कुणाला कळलं नाही. हे डॉक्टरांना आवडलं नाही, त्यांना वाटलं आपण भित्रेपणा शिकवतो आहोत. मी म्हटलं, आधी दाढ निघू द्या, धीर मागाहून शिकवू.

धाकटीच्याही दाढेला कीड लागली होती. खालची, डावीच. डॉक्टरांनी तपासलं, भोक अजून लहान आहे, पण वेळेवर काढावी म्हणाले. आबा तयार होते. ते स्वतः तिला घेऊन मागच्या दारापर्यंत आले. तेवढ्यात अक्का आली. चप्पल नव्हती, डोक्यावर पदर नव्हता. तिनं धाकटीचं मनगट धरलं.

“एकीच्या दाढेले डॉक्टरनं बोट लावलं, ती गेली. हिच्या तोंडाले मी कोनाचं बोट लागू देनार नाही.”

आबा म्हणाले, अग, असं नाही ते. ती म्हणाली, तुम्ही नेली आन् पोर परत आली नाही, मले इतकंच माहीत हाये. मला ठाऊक असलेलं खरं त्या आईपुढे मांडायचं म्हणजे तिची हळद, तिचा पदर आणि ती वाटी तिच्यापुढे मांडायची. ते माझ्यानं झालं नाही, आणि आजही होणार नाही. धाकटी दोघांच्या मधे उभी राहून आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. मग आबांनी तिचा दुसरा हात सोडून दिला.

काड्यांची पेंढी त्यानंतरही रोज येत राहिली, पण आबा कमिटीच्या सभेला येईनासे झाले. चावडीवर त्यांना आता कुणी डिवचत नसे.

धाकटीचं लग्न ठरल्यासारखं यावलला झालं. मी गेले होते. पंगतीत ती नवऱ्याला घास देताना मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. ती उजव्या बाजूनं चावत होती. नंतर माझी बदली धुळ्याला झाली. इथल्या शाळेत पाट नव्हता, तो करून घ्यायला वर्ष गेलं. पडद्याची खोली लगेच मिळाली. मुलींची तोंडं बघायला मी थोरलीसारखी हसवणारी मुलगी शोधत असते. अजून कुणाला तसं साधलेलं नाही.

मागच्या महिन्यात यावलची एक बाई मुलीला शाळेत घालायला आली. मी तिला धाकटीबद्दल विचारलं. तिला दोन मुलं आहेत, म्हणाली, घर चांगलं आहे, सासू जीव लावते. मग आपल्या गालाला हात लावून तिनं सांगितलं, की हिवाळ्यात धाकटी चांगली फडकं बांधून बसली होती, घरचे जळगावला नेणार होते, पण मग आपोआपच दुखायचं थांबलं. आता छान आहे.

मी त्याच दिवशी डॉक्टरांना कार्ड टाकलं. ते आता निवृत्त झालेत, पण जळगावात बसतात. येईन म्हणाले, पडद्यामागे काढू, कुणाला कळू देणार नाही. राहिलं ते एवढंच, की धाकटीच्या सासूला विचारायला कुणीतरी जायला हवं, आणि त्याआधी असोद्याला उतरून अक्काला सांगायला हवं. सुटीचा अर्ज लिहून ठेवला आहे, कंदील, लवंगेचं तेल, पाटी आणि खडू पिशवीत भरले आहेत. तीन आठवडे झाले. अक्कापुढे काय बोलायचं ते अजून ठरत नाही, म्हणून यावलला जायचं राहिलं आहे.